पहिल्या पाच मिनिटांचा तुळशीदास

जव्हारात आणि आसपास गेल्या दहा-बारा वर्षांत ज्यांनी लग्नाच्या शूटिंगला तुळशीदासला बोलावलं, त्या सगळ्यांचं लग्नाआधी कडाक्याचं भांडण झालेलं आहे. निदान व्हिडिओत तरी. कुणी मोटरसायकलवरून जाताना तिच्या नव्या ड्रेसवर चिखल उडवलेला आहे, कुणाची मोखाड्याच्या एसटीत एकाच सीटवर खिडकीतून रुमाल टाकण्यावरून जुंपलेली आहे, तर कुणी शिरपामाळावर सेल्फी काढताना मागे सरकत सरकत एकमेकांच्या पाठीवर आदळलेले आहेत. प्रत्यक्षात यांतल्या बऱ्याच जणांची पहिली भेट मामाच्या ओटीवर, पोह्यांच्या बशीसमोर, मान खाली घालून झालेली असते. पण ते तुळशीदासला सांगायची सोय नाही. "त्यात मी काय दाखवू? पोहे?" असं तो विचारतो.

माझं लेडीज टेलरिंगचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून आहे. मधली भिंत एकच. त्याच्या नायिकांचे मागे लोळणारे झगे मी शिवते, त्यामुळे कुणाचं भांडण कसं होणार हे नवऱ्यामुलाच्या आधी मला कळतं. चिखल उडणार असेल तर आधी सांगत जा, म्हणजे हलक्या कापडात भागवते, असं मी त्याला बजावून ठेवलंय. मी मूळची मोखाड्याची, नवरा तहसील कचेरीत कारकून, आणि जीभ जरा तिखट. तुळशीदास मला जयूताय म्हणतो आणि माझं बोलणं मनाला लावून घेत नाही. लावून घेतलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

हसत-खेळत प्रेम जमणाऱ्या सिनेमांबद्दल त्याचं एक ठाम शास्त्र आहे. काम नसलं की तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ते ऐकवतो.

"ताय, अशा पिक्चरचं सगळं काम पहिल्या पाच मिनिटांत होतं. आधी दोघांना वेगवेगळं दाखवायचं. तो अजून झोपलेला, घड्याळ वाजून वाजून गप झालेलं, एका पायात बूट. म्हणजे हा गबाळा. ती घड्याळ वाजायच्या आधीच उठलेली, केस विंचरलेले, फायली एकावर एक. म्हणजे ही कडक. कोणी काय बोललं न्हाय, पण लोकांना कळलं, याला हिच्यासारखी पायजे न् हिला याच्यासारखा. मंग धडक!"

"पण भांडायचं कशाला? सरळ आवडला म्हणून सांगावं की."

"बाहेर पोस्टरवर दोघं मिठी मारून उभी असतात ना, ताय. शेवट काय ते तिकीट काढतानाच म्हाईत. मंग लोक कशाला बसतील? म्हणून आधी भांडण लावायचं. ही दोघं एकत्र येतील का, असं कोणीच विचारत न्हाय. कशी येतील, तेवढंच बघायचं असतं. आणि जो पयल्या सीनला छातीवर हात मारून म्हणतो का मी जन्मात लगीन करणार न्हाय, तोच शेवटच्या सीनला मुंडावळ्या बांधतो. कुठला पण पिक्चर बघा."

"आणि मधे काय होतं?"

यावर तो मान खाजवायचा. "मधलं मला म्हाईत न्हाय, ताय. मधे मी सायकल स्टँडवर असायचो."

हे खरं होतं. तुळशीदास जामसरचा. घरचा भाताचा एक लहान तुकडा, बाकी मजुरी. मिसरूड फुटायच्या वयात तो पोटासाठी भिवंडीला गेला आणि एका टॉकीजमध्ये बॅटरीवाला म्हणून लागला. पिक्चर सुरू झाल्यावर अंधारात उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवून खुर्चीवर बसवायचं, हे काम. उशिरा येणारे संपले की मालक त्याला बाहेर सायकल स्टँडवर पाठवायचा. पिक्चर संपता संपता दरवाजे उघडायला परत आत. म्हणजे शेकडो पिक्चरांची सुरुवात त्यानं पाहिली, शेवटच्या वराती पाहिल्या, आणि मधला सगळा पिक्चर भिंतीपलीकडून नुसता ऐकला. माणूस जे बघतो तेच शिकतो.

नंतर तो गावी परतला, एका फोटोवाल्याच्या हाताखाली कॅमेरा शिकला आणि पुढे जव्हारात स्वतःचं दुकान टाकलं. त्याच्या व्हिडिओंना पहिल्यापासून मागणी. मास्तरांची, ग्रामसेवकांची, कचेरीतल्या लोकांची पोरं त्याच्याकडेच येतात. नमनालाच घडाभर तेल जातं, लग्न आपलं शेवटी तोंडी लावण्यापुरतं, पण लोकांना तेच आवडतं. पाड्यांवरची गंमत निराळी. तिथं पुष्कळांचं आधी घर मांडलं जातं आणि लगीन सवडीनं लागतं. चार पैसे जमले, पीक बरं आलं, की मांडव. तोवर दोन-तीन पोरं झालेली असतात आणि तीच मांडवात सगळ्यांत जास्त नाचतात. कोणी त्याला नावं ठेवत नाही. फक्त एक नेम पाळतात: पोराच्या किंवा पोरीच्या अंगाला हळद लागायच्या आधी आईबापाची लागलेली पाहिजे. अशा जोडप्यांचीही तुळशीदास पहिली भेट शूट करतो. पस्तिशीचा नवरा पस्तिशीच्या बायकोला विहिरीवर धक्का मारतो, ती "दिसत न्हाय का रं?" म्हणते, आणि मागून त्यांचंच पोरगं ओरडतं, "आये, भूक लागली!" तो आवाज तुळशीदास नंतर काढून टाकतो.

आणि हा लोकांच्या लग्नांची सुरुवात सजवणारा माणूस स्वतः बिनलग्नाचा. म्हणजे घरात बायको होती, भागी. वावर गावची. लहानपणी उपाशी दिवस पाहिलेली, म्हणून की काय, ताटात शीत टाकून न देणारी. मुलगी हर्षाली कॉलेज करून आरोग्य केंद्रात कामाला लागलेली. राहिलं होतं ते फक्त लगीन. भागी दर वर्षी भात झोडून झालं की विषय काढायची आणि तुळशीदास म्हणायचा, "करू ना. पण आपलं म्हणजे साधं न्हाय. आपला पिक्चर असा करीन का लोक बघत राहतील. सुरुवात सुचू दे." दर वर्षी लोकांना दहा-वीस सुरुवाती सुचवणाऱ्याला आपली सुचत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी त्याला कैकदा म्हटलं, अरे, तिला पिक्चर नको आहे, तिला मांडव पाहिजे. तो हसायचा.

मागच्या वर्षी हर्षालीचं जमलं. मुलगा सुदेश, मोखाड्याला पंचायत समितीत, सज्जन. आता गत्यंतर नव्हतं. पोरीच्या आदल्या दिवशी आईबापाचं लगीन, एकाच मांडवात, असं ठरलं.

भागी माझ्याकडे ब्लाऊजचं माप द्यायला आली. मी तिला एवढी बोलताना कधी पाहिली नव्हती. लाल काठ लाव, बाही अशी कर, गळा पोरीसारखा खोल नको. टेप लावता लावता मी सहज विचारलं, "भागी, तुमची भेट कशी गं झाली? हा सगळ्यांची सांगतो, स्वतःची नाही सांगत."

ती आधी लाजली. मग हसत हसत तिनं सांगितलं. ती आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेलेली. बाजाराच्या दिवशी भट्टीवरच्या बायका हौसेनं पिक्चरला निघाल्या, हीही निघाली. जन्मात टॉकीज पाहिलेली नाही. पोचायला उशीर. पिक्चर सुरू झालेला, आत काळाकुट्ट अंधार. एक पोरगा पुढे बॅटरीचा उजेड टाकत चाललेला, आणि ही त्या उजेडावर पाय ठेवत त्याच्या मागं. बाकीच्या बायका बसल्या. त्यानं सवयीनं बॅटरी विझवली.

"मी अजून उभीच, बाय. मना वाटलं का मी हिरीतच पडले. मी आरडले, 'उजेड दे रं!' सगळा टॉकीज हसाय लागला. तो पन हसला. मना रडू आलं. मंग त्यानं काय केलं, बॅटरी माझ्या हातात दिली न् माझ्या बाजूला पायरीवर बसला. पिक्चर सरंपोत उठलाच न्हाय. मालकानं त्याला दुसऱ्या रोजी काढला."

"आणि पिक्चर कसला होता?"

"काय म्हाईत. मी बॅटरीच धरून व्हते." ती हसली. "ही गोठ हर्षीला लय आवडं. लहान असताना रोज सांगाय लावायची."

मी टेप खाली ठेवला. इतकी सुंदर गोष्ट पदरात असताना हा माणूस वर्षानुवर्षं सुरुवात शोधत का बसला होता, मला कळेना. त्याच आठवड्यात त्यानं एका झग्याची ऑर्डर दिली, आकाशी रंगाचा, कॉलेजच्या पोरीच्या मापाचा. कुणाचं तरी शूटिंग असेल म्हणून मी शिवला.

लग्नाच्या आधीच्या संध्याकाळी मी जामसरला गेले. अंगणात मांडव, लग्नाचं चित्र, म्हणजे चौक, लिहायची भिंत सारवून तयार, बायका तांदूळ निवडत बसलेल्या. लगीन लावणारी म्हातारी धवलेरी ओटीवर टेकून चहा पीत होती. अंगणाच्या एका बाजूला तुळशीदासनं भाड्यानं आणलेला भला मोठा पडदा उभा केला होता. दिवस कलला तसा त्यानं सगळ्यांना समोर बसवलं. भागीला अगदी पुढे, खुर्चीवर. तिनं मी शिवलेला ब्लाऊज हौसेनं त्याच दिवशी घातला होता. तुळशीदासच्या कपाळावर घाम. मी त्याला इतक्या वर्षांत इतका आनंदात पाहिलेला नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्या मनात खोट नव्हती.

पडद्यावर वरून दिसणारं जव्हार. डोंगर, कौलं, रस्ता. मग एक खोली. एक पोरगा घड्याळ उशीखाली कोंबून झोपलेला. मग दुसरी खोली. आरशासमोर एक पोरगी केस विंचरतेय. गोरीपान, नाजूक. आमच्या गल्लीतल्या मास्तरांची सपना. अंगात माझा आकाशी झगा. ती छातीशी पुस्तकं धरून कॉलेजच्या फाटकातून बाहेर येते, तो सायकलवरून सुसाट येतो, धडक, पुस्तकं हवेत. "डोळे आहेत का बटणं?" असं ती पुण्या-मुंबईच्या मराठीत विचारते. तो कान धरतो. चित्र थांबतं आणि तिच्या चेहऱ्याखाली सोनेरी अक्षरं उमटतात: भागी.

टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणी तरी म्हणालं, भागीकाकी हिरोईन! सुदेशकडची माणसंही कौतुकानं हसली.

भागी हसली नाही. तिनं मान वळवून तुळशीदासला विचारलं, "ही कोन?"

"अगं, तू!" तो म्हणाला. "आपली पयली भेट."

"मी कवा कॉलेजात गेले?"

"पिक्चर हाय तो, भागी. असंच करतात."

"मंग माझी गोठ कुठं हाय?"

टाळ्या थांबल्या होत्या. तुळशीदासला हळू बोलायचं भान राहिलं नाही. "अगं, ती पडद्यावर बरी दिसली नसती. भट्टीवरची, मातीनं भरलेली पोर, अंधारात रडतेय. एवढी माणसं बघणार, सुदेशकडची बघणार. हसले असते तुला."

"तवा पन हसलेले," भागी म्हणाली. "तू पन हसलेलास. मंग बाजूला येऊन बसलास. मना त्याची लाज न्हाय वाटली कदी. तुला वाटं, ते मना आज कळलं."

ती उठली आणि घरात गेली. मला वाटलं, कुणी तरी मागं जावं. तुळशीदासनं जावं. पण तो पडदा बंद करायला धावला, कारण चित्र सपनाच्या चेहऱ्यावर तसंच थांबलेलं होतं आणि काही केल्या जाईना. तेवढ्यात भागीनं आतून दाराला कडी घातली. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी त्याला वायर शोधायलाही मदत केली नाही. आणि रागाच्या खाली कीवही होती, तीही सांगते.

सकाळी भागी हळदीला बसणार का, यावर घरात कुजबूज. ती नाही बसली तर हर्षालीचं अडणार. हर्षाली आईजवळ गेली. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण थोड्या वेळानं पोरगी रडवेल्या तोंडानं आणि भागी कोरड्या तोंडानं बाहेर आली. धवलेरीनं गाणं उचललं. बायकांनी हळद लावली. भागीच्या अंगावर आता जुनंच लुगडं होतं, नवा ब्लाऊज दिसला नाही. लगीन रीतीनं लागलं, काही कमी पडलं नाही. तुळशीदास सारखा तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ती पोरीच्या तोंडाकडे. दुसऱ्या दिवशी हर्षालीचं लगीन थाटात झालं. लेक मोखाड्याला गेली.

पाहुणे पांगल्यावर भागीनं भांडी घासली, मांडवातली जमीन शेणानं सारवली, परातीत उरलेला भात शेजारणीला दिला आणि पिशवी घेऊन निघाली. "भावाकडं जाते, वावरला," एवढंच म्हणाली. कुणाला त्यात काही वाटलं नाही. लेक गेली, आईचं मन रमत नसेल, चार दिवस राहून येईल.

इतकी वर्षं बिनलग्नाची राहिली. लगीन लागलं आणि गेली.

तुळशीदास आधी तिला भेटायला गेलाच नाही. "येईल," म्हणायचा. सीझन होता, रोज कुठं ना कुठं शूटिंग. पुढे जामसरच्या तुकड्यात लावणीची वेळ झाली. दर वर्षी भागी रोपं काढायला सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायची, ती आली नाही. तेव्हा तो माझ्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "जयूताय, तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "तिची गोष्ट का नाही दाखवलीस रे? आणि तू तर म्हणायचास, मधलं मला माहीत नाही. तो एक पिक्चर पुरा पाहिला होतास ना तिच्या शेजारी बसून?"

त्यानं मान खाजवली. मग म्हणाला, "त्यात मी पिक्चर कुठं पायला, ताय. तिलाच बघत व्हतो."

मला वाटलं, हेच जाऊन सांग, आणखी काही नको. तसं मी बोललेही. तो दुसऱ्या दिवशी वावरला गेला.

परत आल्यावर त्यानं मला जे सांगितलं ते असं. भागी भावाच्या खाचरात लावणी करत होती. त्याला बांधावर बघून तिनं चिखलाचे हात धुतले, घरी नेलं, पाणी दिलं. हर्षीचं बरं चाललंय का विचारलं. लेकीची सासू प्रेमळ आहे हे ऐकून तिला समाधान वाटलं. तुळशीदासनं तिला सगळं सांगितलं. चुकलो म्हणाला. तिलाच बघत होतो, हेही म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पाहिलं. रागावलेली ती अजिबात नव्हती. रागावली असती तर समजूत काढता आली असती, असं तो मला म्हणाला.

"तवा सांगायचंस," ती म्हणाली. "माझ्याकडं बघत राहलास ते मना तवाच कळलेलं. म्हनून तर मी तुझ्या घरी आले."

"मंग आता चल की घरी. आता तर लगीन पन लागलं."

"लागलं म्हनूनच आले हितं," भागी म्हणाली. "दर साली वाटं, औंदा करील, औंदा करील. त्या वाटंवर डोळे लावून मी राहले, बाबा. कंटाळा आला तरी राहले. आता वाट बघाय काय उरलंच न्हाय."

तिनं त्याला भात वाढला, वर सुक्या मासळीचं कालवण, त्याला आवडतं तसं तिखट. तो जेवेपर्यंत ती समोर बसली. परतीच्या एसटीला अजून अवकाश होता. ताट उचलून ती म्हणाली, "गाडीची येळ झाली का दार ओढून घे." आणि लावणी राहिली होती म्हणून खाचराकडे निघून गेली.